कामाची पारख
(वर्धा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या निःस्पृह शिक्षकाच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नोकरीसाठी अर्ज करावा लागला असेल, आणि त्यांतल्या काहींना यथाकाल इतरांचे अर्ज मंजूर अगर नामंजूर करण्याचा अधिकारही प्राप्त झाला असेल. तेव्हा तत्त्वज्ञान, इतिहास आणि साहित्य यांच्या श्रवणाला सरावलेल्या आपणांसारख्या श्रोत्यांना ‘नोकरी कशी द्यावी आणि कशी मागावी’ हा माझा विषय काहीसा रुक्ष वाटला, तरी तो अप्रस्तुत आहे असे कोणी म्हणणार नाही अशी माझी उमेद आहे. कारखान्याच्या आस्थापना विभागात, म्हणजे ज्याला हल्ली सर्वत्र ‘एचआर’ म्हणतात त्या दप्तरात, माझी हयात गेली. अर्ज वाचणे, उमेदवारांना बोलावणे, त्यांना प्रश्न विचारणे आणि अखेरीस एकाच्या हाती नेमणुकीचा हुकूम देऊन बाकीच्यांची बोळवण करणे हा माझा नित्याचा व्यवसाय होता. त्या व्यवसायातून जे एक मत माझ्या मनात दृढ झाले ते आरंभीच सांगून टाकतो. माणसाची पारख त्याच्या कामावरून करावी, आणि नोकरी मागणाऱ्यानेही आपले काम पुढे करूनच ती मागावी. ऐकावयास हे इतके सरळ आहे की त्यासाठी व्याख्यान कशाला हवे, असे कोणालाही वाटावे. परंतु आपल्याकडे नेमणुका कशा होत आल्या आणि अद्यापही कशा होतात याचा वृत्तान्त पाहिला, म्हणजे उमेदवाराच्या कामाखेरीज इतर सर्व गोष्टींची तेथे केवढ्या आस्थेने चौकशी होते, हे ध्यानात येते.

हे मत मांडावयास वर्ध्याइतके उचित स्थळ मला दुसरे ठाऊक नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच शहरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली, आणि तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली जी समिती नेमली तिची योजना पुढे ‘वर्धा योजना’ याच नावाने देशभर ओळखली गेली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तव्यवसाय, अशी तिची त्रिसूत्री होती. मुलाने किती पाठ केले याबरोबरच त्याने कातलेल्या सुताचा अंक काय, कस किती, आणि धागा अथपासून इतिपर्यंत सारखा उतरला की नाही, याचाही विचार व्हावा, अशी ती दृष्टी होती. त्याच वर्षांत मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहत होते आणि घाणी, हातकागद, मधमाशा यांसारख्या उद्योगांची तेथे प्रत्यक्ष प्रयोगाने परीक्षा चालली होती. शिक्षणाच्या क्षेत्रात त्या योजनेचे पुढे काय झाले हा निराळा आणि काहीसा खेदजनक विषय आहे; माझे म्हणणे इतकेच की, शाळेत ती रुजो न रुजो, नेमणुकीच्या खोलीत तिचा अवलंब करण्यास कोणत्याही सरकारी मंजुरीची आवश्यकता नव्हती, आणि तरीही आपण तो केला नाही.

आता पूर्वपरंपरा पाहू. इंग्रजी अमदानीत कचेरीत शिरकाव होण्याचा रूढ मार्ग म्हणजे बिनपगारी उमेदवारी. एखाद्या शिरस्तेदाराच्या नाहीतर हेडकारकुनाच्या ओळखीने एखादा तरुण रोज कचेरीत येऊन बसे, नकला करी, दप्तरे बांधी, साहेबाचा मुक्काम हलला की कागदांच्या पेटीबरोबर आपणही हले, आणि कधी काळी जागा रिकामी झाली म्हणजे ती आपल्या पदरात पडेल या भरवशावर महिनेच्या महिने घरच्या भाकरीवर काढी. या पद्धतीत एक मोठा गुण होता: वरिष्ठाला माणसाचे काम डोळ्यांनी पाहावयास मिळे. पण तो गुण ज्या दोषापुढे फिका पडतो तो असा की, ज्याच्या घरी एवढा काळ एक तोंड पोसण्याची ऐपत असेल त्याचेच काम पाहिले जाई; मजुराचा मुलगा कितीही हुशार असला तरी फुकट राबण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. हल्ली मोठ्या शहरांत बिनपगारी ‘इंटर्नशिप’ नावाचा जो प्रकार बोकाळला आहे तो याच जुन्या उमेदवारीचा धुतलेला अवतार असून, कारंजा-आष्टीच्या मुलाला पुण्यात खोलीचे भाडे भरून तो परवडत नाही.

गिरण्यांत निराळी तऱ्हा होती. मुंबईपासून नागपूरपर्यंत जिथे जिथे चाती फिरू लागली तिथे तिथे कामगार भरतीची सूत्रे साहेबाच्या नव्हे तर जॉबरच्या हाती गेली. आपल्या हिंगणघाट-पुलगावच्या जुन्या मंडळींना जॉबर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटे फाटकाशी जमलेल्या माणसांतून कोणाला आत घ्यावयाचे, कोणाला बदलीवर ठेवावयाचे आणि कोणाला उद्या येण्यास सांगावयाचे, हे तो ठरवी. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या जॉबरांच्या लाचखाऊपणाचा स्पष्ट निर्देश केला आणि भरतीचे काम त्यांच्याकडून काढून स्वतंत्र मजूर अधिकाऱ्याकडे सोपवावे अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे अगर अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आम्हां एचआरवाल्यांच्या वंशावळीचा एक धागा असा थेट जॉबरच्या लाचेपर्यंत जाऊन पोचतो. आमचे खाते जन्मास आले ते नेमणुकीतला बाजार बंद करण्यासाठी. एखाद्या कंपनीत तोच बाजार आमच्या वातानुकूलित खोलीत भरत असेल, तर आम्ही आपल्या जन्माचे प्रयोजनच विसरलो असे म्हणावे लागेल.

तिसरा मार्ग सेवायोजन कार्यालयाचा. महायुद्ध संपता संपता, जुलै १९४५ मध्ये, घरी परतणाऱ्या सैनिकांची सोय लावण्यासाठी ही यंत्रणा उभी राहिली, पुढे ती सर्वांना खुली झाली, १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, आणि १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना तसेच पंचवीस अगर अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा या कार्यालयाला कळविणे भाग पडले. मात्र त्या कायद्याने जागा कळविण्याची सक्ती केली, तिथूनच माणूस घेण्याची केली नाही. सबब नावनोंदणीच्या कार्डाचे वेळोवेळी नूतनीकरण करून हुकमाची वाट पाहणाऱ्या पिढ्याच्या पिढ्यांच्या वाट्यास बव्हंशी ते कार्डच आले. तरी या कायद्याच्या मुळाशी असलेले तत्त्व मला फार मोलाचे वाटते. रिकामी जागा ही मालकाची गुप्त ठेव नसून ती सर्वांना कळली पाहिजे, हे ते तत्त्व होय. विदर्भाच्या दृष्टीने तर त्याचे महत्त्व दुप्पट आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात या प्रदेशाला नोकऱ्यांत योग्य वाटा देण्याचे वचन होते, आणि संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडातही राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी आणि तंत्रशिक्षणाची पुरेशी सोय यांचा उल्लेख आहे. परंतु ज्या जागेची वार्ताच आर्वी आणि समुद्रपूरपर्यंत पोचत नाही, तिच्यातला वाटा कोणत्या करारावर मागावयाचा?

म्हणून नेमणुकीच्या नीतीचा आरंभ जाहिरातीपासून होतो. जाहिरातीत काय असावे? पदाचे नाव, प्रत्यक्ष करावयाचे काम, कामाचे ठिकाण, पगाराची मर्यादा, जागा कंपनीच्या हजेरीपटावरील की कंत्राटदाराकडील, आणि निवड कोणत्या क्रमाने होणार. यांतले पहिले आणि शेवटचे तेवढे छापून मधले सर्व मोघम ठेवण्याची जी प्रथा पडली आहे तिने उभयपक्षी नुकसान होते. पगार ‘योग्यतेनुसार’ असे लिहिणाऱ्या संस्थेकडे अर्जांचा ढीग येतो खरा, पण बोलावलेल्यांतले निम्मे लोक पगाराचा आकडा ऐकून उठून जातात, आणि येण्याजाण्याचा खर्च व बुडालेली रोजी मात्र त्यांच्या माथी बसते. अट असेल तर ती आधी आणि उघड सांगावी, मग ती कितीही वेगळी असो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ती स्थापन केली. पुढे कित्येक वर्षे तिच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे, खादीचा वापर आणि खेड्यातील काम हे तेथील शिस्तीचे अंग होते. ही अट कोणाला पसंत पडो वा न पडो, ती लपवून ठेवलेली नव्हती. प्रवेश मागणाऱ्याला आपण कोठे जात आहोत याची जाणीव होती. तो प्रवेशाचा व्यवहार होता, हा नोकरीचा आहे. परंतु प्रामाणिकपणाची कसोटी दोहोंकडे एकच.

जाहिरात गेली, अर्ज आले. आता ते वाचले कसे जातात याची थोडी अंतर्गत हकीकत सांगतो, कारण अर्ज लिहिणाऱ्या तरुणांना ती ठाऊक नसते. एका जागेसाठी आलेल्या गठ्ठ्यातील प्रत्येक अर्जाच्या वाट्यास पहिल्या वाचनात एखादे मिनिटही येत नाही. त्या मिनिटात वाचणाऱ्याची नजर तीन ठिकाणी जाते: या माणसाने पूर्वी काय केले, ते आमच्या कामाच्या जवळपासचे आहे काय, आणि तो केव्हा रुजू होऊ शकेल. या तिन्हींची उत्तरे पहिल्या पाच ओळींत नसतील तर उरलेली दोन पाने व्यर्थ होत. एक अर्ज असा येतो: ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व महत्त्वाकांक्षी असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास तिचे सोने करीन.’ दुसरा असा: ‘हिंगणघाट येथील जिनिंगमध्ये दोन हंगाम वजनकाट्यावर होतो, रोजची कापसाची आवक, रुईच्या गाठी आणि सरकी यांचा मेळ संध्याकाळी मीच घालीत असे, संगणकावर टॅली येते, पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो.’ पहिल्या अर्जातील एकही विधान खोटे नसेल, परंतु ते तपासून पाहण्याचा कोणताही उपाय वाचणाऱ्याजवळ नाही. दुसऱ्यातील प्रत्येक शब्द एका फोनने पडताळता येतो, आणि हंगामात संध्याकाळी गाठींचा मेळ घालणे म्हणजे काय हे ज्याला कळते, तो त्या उमेदवाराला बोलावल्यावाचून राहत नाही. माझ्या तरुण मित्रांनो, विशेषणे गाळा आणि क्रियापदे लिहा. पदवीचे नाव एकदा पुरे, कामाचा तपशील मात्र कसून द्या. नोकरी कधी केली नसेल तर शेतीचा हिशेब ठेवला असेल, गावच्या सोसायटीत मदत केली असेल, एखाद्या दुकानात दिवाळीच्या दिवसांत उभे राहिला असाल, तेही काम होय. ते लिहिण्यास लाजू नका. आणि एक क्षुल्लक वाटणारी, परंतु अनेकांना नडलेली गोष्ट: गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला आणि बँकेचे पुस्तक या सर्वांवर आपले नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले आहे काय हे आजच पाहून ठेवा, हुकूम हातात आल्यावर ही दुरुस्ती करण्यास मुदत पुरत नाही.

परंतु सर्व दोष अर्ज लिहिणाऱ्याच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आमच्या त्या एका मिनिटाच्या वाचनात आमची नजर चौथ्या ठिकाणीही जाते, आणि ते ठिकाण म्हणजे अर्जदाराचे आडनाव. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी या गोष्टीची जी परीक्षा केली ती प्रत्येक नियोक्त्याने जाणून घ्यावी अशी आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांच्या अवधीत ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण आणि अनुभव तुल्यबळ, भेद केवळ नावाचा: कोठे सवर्ण हिंदू, कोठे दलित, कोठे मुसलमान. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बोलावणे येण्याचा संभव सवर्ण नावाच्या मानाने दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश उरला. ज्यांना बोलावले नाही त्यांना कोणी अपशब्द उच्चारला नाही, कोणी दार लावून घेतले नाही. कागद नुसता दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकमाने आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्या वेळी ‘लायक माणसे मिळणार कोठून’ अशी कुरकूर झालीच असेल. आज शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लायक माणसे अर्ज करीत आहेत आणि वाचणाराच त्यांना ओलांडून पुढे जात आहे. यावर उपाय अवघड नाही. पहिल्या छाननीच्या वेळी नाव, गाव आणि छायाचित्र झाकून केवळ कामाचा तपशील वाचणाऱ्यापुढे ठेवावा. एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आता मुलाखत. ज्या विधीवर आपण सर्वाधिक श्रद्धा ठेवतो आणि जो त्या श्रद्धेला सर्वांत कमी पात्र आहे, तो हाच. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीचा अजय हसिया यांचा खटला १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाला. तेथे लेखी परीक्षेस शंभर आणि तोंडी परीक्षेस पन्नास गुण होते, एकेका उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती, आणि त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्या आईबापांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी प्रश्न विचारले होते अशी तक्रार होती. न्यायालयाने मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट होईल असेही सुचविले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने ‘क’ व ‘ड’ गटांच्या आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित जागांसाठी मुलाखत बंदच केली. खासगी क्षेत्रात मात्र ‘माणूस पाहिल्याबरोबर ओळखतो’ असे छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या व्यवस्थापकांची उणीव नाही. असा व्यवस्थापक पहिल्या काही क्षणांत आपले मत बनवितो आणि उरलेली मुलाखत त्या मताला पुरावा गोळा करण्यात घालवितो. समोरचा आपल्यासारखा बोलणारा, आपल्या महाविद्यालयाचा, आपल्या सवयींचा निघाला की तो ‘स्मार्ट’ ठरतो. श्मिट आणि हंटर या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली निवडपद्धतींवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे, बुद्धिमापन आणि प्रश्न आधी ठरवून घेतलेली मुलाखत यांची उपयुक्तता ठळकपणे वर राहिली, स्वैर गप्पांची मुलाखत त्यांच्या मागे पडली, नुसती अनुभवाची वर्षे बरीच खाली आली, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याची युरोपात प्रिय असलेली विद्या जवळजवळ शून्यावर उतरली.

कामाचा नमुना म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. स्टोअरकीपरच्या जागेसाठी आमच्याकडे पुढे अशी रीत पडली की, उमेदवाराला खुर्चीवर न बसविता सरळ स्टोअरमध्ये न्यावयाचे. तेथे टेबलावर बोल्टांचा एक ट्रे, त्याबरोबर पुरवठादाराचे चलन आणि एक बिनकार्ड, म्हणजे साठ्याचे नोंदकार्ड, ठेवलेले असे. चलनावर १४४ नग. ट्रेमध्ये प्रत्यक्षात १३८. आणि त्या १३८ मध्येही मूठभर बोल्ट निराळ्या आट्यांचे. सूचना एवढीच: ‘माल जमा करून घ्या.’ कोणी चलनावरचा आकडा सुवाच्य अक्षरात कार्डावर उतरवून ‘झाले, साहेब’ म्हणे. कोणी मोजून सहा नग कमी असल्याचे सांगे, परंतु पुढे काय करावे यासाठी आमच्या तोंडाकडे पाहत राही. आणि एखादा न बोलता शेजारच्या खणातला नट उचली, एकेका बोल्टावर फिरवून पाही, जे अडले ते बाजूस काढी, चलनाच्या पाठीवर तूट आणि नापसंत माल वेगवेगळा लिही आणि म्हणे, ‘ड्रायव्हरची सही घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.’ या परीक्षेस अर्धा तासही लागत नसे, आणि तीत उतरणारा मुलगा पुष्कळदा तोच असे की जो खोलीत बसून विचारलेल्या ‘पाच वर्षांनी स्वतःला कोठे पाहता?’ या प्रश्नापुढे घामाघूम झाला असता. कापसाच्या धंद्याला हे नवीन नाही: ग्रेडर हवा असला की जाणता मालक त्याच्या हाती मूठभर कापूस देतो, आणि तो सरकीवरची रुई चिमटीत ओढून, पुन्हापुन्हा समांतर करून, धाग्याची लांबी सांगू लागला म्हणजे त्याची मुलाखत झालेली असते. शिक्षिकेला वर्गावर एक पाठ घ्यावयास सांगावा, हिशेबनिसाला बिघडलेली किर्द द्यावी, परिचारिकेला पाळी बदलतानाची नोंद लिहावयास लावावी. मात्र जुन्या उमेदवारीचा दोष येथे पुन्हा शिरू देऊ नये: नमुना तासाभराचा असावा, आणि दिवसभराचे काम करून घ्यावयाचे असेल तर दिवसाचा मोबदला द्यावा.

येथवर मी वशिल्याचा उच्चार टाळला, तो विषय महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. ‘माह्या पोराले कुठं तरी लावून द्या ना, साहेब’ हे वाक्य ऐकल्यावाचून या जिल्ह्यातील कोणाही अधिकाऱ्याचा आठवडा जात नाही, आणि ते म्हणणाऱ्या बापाविषयी माझ्या मनात तिरस्कार नाही. ज्याला दुसरी कोणतीही वाट दाखविली गेली नाही तो हीच वाट चालणार. परंतु ओळख आणि वशिला या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या पाहिजेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांची पाहणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून लागल्याचे दिसले. आणि विशेष हे की, ती ओळख बहुधा घरच्या अगर जिवलग माणसाची नसून क्वचित भेटणाऱ्या परिचिताची होती. कारण उघड आहे: जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते, नवी वार्ता दूरचा माणूस आणतो. तेव्हा जुना सहाध्यायी, बुटीबोरीला जाणारा शेजारी, मामाच्या गावचा फिटर, यांना आपण काम शोधीत आहोत हे निःसंकोच सांगावे. जागा निघाली की कळवा, एवढेच मागावे. हे वार्ता मागणे झाले. जागा निघाल्यावर तिच्या कसोटीतून आपल्याला सूट मागणे हा वशिला, आणि त्या सुटीसाठी पैसे मोजणे ही लाच. पहिल्यात कोणाचे काही जात नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कोणा अनोळखी मुलाचा घास जातो. आणि जो नोकरीपूर्वी अनामत, प्रशिक्षणशुल्क नाहीतर गणवेशाचे पैसे मागतो, तो नोकरी देणारा नसून नोकरीच्या आशेचा व्यापारी आहे असे खुशाल समजावे. शेत गहाण टाकून असल्या माणसाच्या हाती रक्कम देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांना ना जागा मिळाली ना जमीन सुटली.

भरतीच्या परीक्षांविषयी दोन शब्द. पहाटे रस्त्यावर धावणारी आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलेमुली पाहून मला आदरच वाटतो. परंतु जागा हजारांनी आणि उमेदवार लाखांनी असतात तेथे अपयश हा बहुतेकांच्या बुद्धीचा निवाडा नसून निव्वळ गणिताचा परिणाम असतो. म्हणून प्रयत्नांची मर्यादा घरच्यांशी बसून आधीच ठरवावी, आणि त्या वर्षांत एखादे हातचे काम, मग ते विद्युत-जोडणीचे असो, लेखापालनाचे असो वा प्रयोगशाळेतील तपासणीचे, समांतर शिकत राहावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकणाऱ्याला विद्यावेतन आहे. त्या दाराकडे आपल्याकडील पदवीधर उगाच नाक मुरडतात. मुलाखतीस गेलात तर जे येत नाही ते येत नाही म्हणा, आणि उठण्यापूर्वी तुम्हीही विचारा: पगार हाती किती, नेमणूक कोणाच्या हजेरीपटावर, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो काय, परिवीक्षा किती महिन्यांची. असे विचारणाऱ्याला उद्धट समजणाऱ्या संस्थेत नोकरी न लागणे हाच लाभ.

शेवटी, उत्तराचा प्रश्न. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जी रोजगार हमी योजना महाराष्ट्राने उभी केली, आणि जिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तिने गावातल्या निरक्षर मजुरालाही एक हक्क दिला: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा. खडी फोडावयास तयार असलेल्या माणसाच्या मागणीला कायद्याने मुदत लावली. आणि दोन पदव्या घेऊन अर्ज करणाऱ्याला, मुलाखतीस येऊन गेल्यावरसुद्धा, होय की नाही हे कळविण्याची मुदत कोणत्याही संस्थेवर नाही. तो महिनोन्महिने फोन उशाशी घेऊन झोपतो, दुसरीकडे जाववत नाही, घरी सांगवत नाही. नकार देण्यात अपमान नाही, मौनात आहे. ज्याला आपण मुलाखतीस बोलावले त्याला पंधरा दिवसांत लेखी उत्तर देण्यास एकही जादा माणूस लागत नाही, आणि नकाराबरोबर कारणाची एक ओळ दिली तर पुढल्या अर्जास तिचा उपयोग होतो.

म्हणून या जिल्ह्यातील महाविद्यालये, रुग्णालये, सहकारी संस्था, जिनिंगचे मालक आणि देवळी-हिंगणघाटचे कारखानदार यांना माझी नम्र विनंती आहे की, पुढल्या भरतीपासून त्यांनी पाच गोष्टी अमलात आणून पाहाव्यात: जाहिरातीत पगार आणि काम स्पष्ट लिहावे, पहिली छाननी नाव झाकून करावी, बोलण्याआधी काम करवून पाहावे, प्रत्येक परीक्षकाने आपले गुण चर्चेपूर्वी स्वतंत्र लिहावेत, आणि बोलावलेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. यांपैकी एकीलाही फारसा खर्च नाही, केवळ आपल्या मर्जीचा थोडा भाग सोडावा लागतो, आणि अडचण आहे ती तिथेच आहे. यास्तव एक सहावी गोष्ट सुचवून मी आपली रजा घेतो. निवडलेला माणूस का निवडला हे दप्तरात लिहून ठेवावे, असे की ते उद्या नाकारलेल्या उमेदवाराने वाचले तरी चालेल. ज्या नेमणुकीचे कारण चार ओळींत लिहून तिच्याखाली सही करता येत नाही, तिचा हुकूम काढू नये.